न्हाणीतला साबण

"अंगाला लावायला साबण न्हाय आणि तुमची गाडी रोज न्हातेय," गोदू न्हाणीच्या दारातूनच म्हणाली. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, हातात साबणाची रिकामी डबी. "किती वड्या गेल्या. आणि मी पूर्वाला बोलत होते, तोंडाला किती फासतेस म्हणून."

"रोज ऐकवलंस मला," लेक आतून म्हणाली.

"अख्खी न्हाय घेतली गो. अर्धी घेतली." अनंता पायरीवर बसून चहा पीत होता.

"मग उरलेली अर्धी कुठं हाय?"

"ती परवा लावली."

पूर्वाला हसू आलं. गोदूला आलं नाही. तिने डबी कठड्यावर आपटली आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं. खारबावच्या या घरासमोर पूर्वी खळं होतं. नवी सून म्हणून आली तेव्हा इथे तिने भात पाखडला होता. शेतं गोडाउनवाल्यांना गेली, खळं रिकामं झालं, आणि अनंताने तिथे ही गाडी आणून उभी केली. आली तेव्हाच जुनी होती. किलोमीटरचा काटा बंद पडल्याला आता इतकी वर्षं झाली होती, की गाडी किती चालली हे कुणी विचारलं तर अनंता नुसता हात हलवायचा. कशेळीच्या गोडाउनातून माल भरायचा, नाशिकला उतरवायचा, येताना मिळेल ते घेऊन कसारा घाट उतरायचा. त्याच्या बरोबरीच्यांनी गाड्या विकून गोडाउनांच्या गेटावर खुर्च्या धरल्या. अनंताला खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नंबर लिहिणं जमलं नसतं. दोन दिवस घरी राहिला तर तो खळ्यात उगाच फेऱ्या मारायचा.

गेल्या पावसाळ्यात एका गोडाउनाच्या आवारात गाडी दगडावर बसली. गिअरबॉक्सच्या खाली तेल धरणारं पत्र्याचं भांडं असतं, मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. त्याला चीर गेली. अनंताने एकदा वेल्डिंग करून घेतलं, ते सुटलं. तेव्हापासून तो ओला साबण मळून चिरेत भरायचा, वर चिंधी बांधायचा. सगळेच ड्रायव्हर अडल्यावेळी हे करतात. पुढच्या गावी पोचेपर्यंत. अनंताने त्यावर पावसाळा काढला, दिवाळी काढली. खळ्यात तेलाचा डाग पडू नये म्हणून गोदू गाडीखाली जुनी परात ठेवायची, सकाळी उचलायची, राखेने घासायची. त्या तेलाचा सडका वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा.

"नवीन चेंबर का न्हाय बसवत?" ती म्हणाली. "लडकू कधीचा आणून ठेवतो म्हणतोय."

"चेंबर काढलं की तेल जातं सगळं. मग नवं भरावं लागतं."

"मग भरा."

"तुला काय कळतं त्यातलं? जुन्या गाडीला जुनं तेल मुरलेलं असतं. ते काढलं की गाडी बसते. नारायणची बसली, कुमारची बसली."

"तुम्ही तरी कधी जुनं टाकून नवं घेता? बनियन बघा अंगातलं."

अनंताने बनियनकडे पाहिलं आणि चहा संपवला. गोदूने मोबाइल घेतला आणि त्याच्यासमोरच लडकूला फोन लावला. नको म्हणायचाही त्याला कंटाळा आला असावा.

लडकू मेकॅनिक चेंबर, पॅकिंग आणि तेलाचे डबे घेऊन रविवारी सकाळी आला. त्याने गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणली, तेल गरम झालं म्हणजे नीट उतरतं म्हणून. चाकांना दगड लावले आणि पाठीवर सरकत खाली गेला. "वहिनी, परात द्या. भाकरीची नको."

"भाकरीची कधीच गेली त्यात," गोदू म्हणाली.

बोल्ट सुटला. तेल काळंकुट्ट, दाट, काकवीसारखं पडत राहिलं. त्याची धार बारीक होईपर्यंत अनंता तिथेच उकिडवा बसून होता. घरातल्या आजारी माणसापाशी बसावं तसा. मग लडकूने कडेचे बोल्ट एकेक सैल केले, साबणाने बुजलेलं चेंबर खाली घेतलं आणि त्यातलं लोहचुंबक चिंधीने पुसलं. चुंबकावर राखाडी चिखल होता. "हे असतंच," तो म्हणाला. "झीज हाय." त्याने पुन्हा पुसलं. चिखलाखाली तांदळाच्या कण्यांसारखे पोलादाचे तुकडे होते आणि एक मोठा, सुपारीच्या खांडाएवढा.

लडकू गाडीखालून बाहेर आला आणि तो तुकडा त्याने अनंताच्या हातात दिला.

"गिअरचा दात हाय. सेकंडला सटकते ना, दादा?"

अनंता तो तुकडा बोटांत फिरवत राहिला.

"सटकते ना?"

"उतारावर जरा."

"मग काय करता?"

"काय करणार. धरून ठेवायचा."

"घाटभर?"

"घाटभर. एका हातानं स्टेअरिंग, डाव्यानं गिअर."

गोदू राख घेऊन उभी होती. गेले कित्येक महिने ती रोज या माणसाच्या डाव्या खांद्याला निरगुडीचं तेल चोळत होती. झोपताना मान वाकडी पडते म्हणून तिने त्याची उशी उसवून कापूस कमी केला होता. भिवंडीच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्याने मानेला पट्टा दिला होता. तो पट्टाही अनंताने निमूट लावला होता.

"मला का न्हाय सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगून काय? तू येऊन धरणार होतीस?"

"उतारावर हात सुटला असता म्हणजे?"

"न्हाय ना सुटला."

तिने राख परातीपाशी ठेवली. लडकूने नवं पॅकिंग लावलं, चेंबर चढवलं, समोरासमोरचे बोल्ट आवळत गेला. कडेच्या भोकातून नवं तेल भरलं, ते बाहेर टपकायला लागल्यावर थांबला. गाडी सुरू झाली. आवाज तोच होता.

"आता गळणार न्हाय," तो हात पुसत म्हणाला. "पण तेलानं दात उगवत न्हायत. पेटी उघडून नवे गिअर टाकायला या मॉडेलचे मिळायचे न्हायत. सपाटीला चालवा, बेताचा माल भरून, सेकंडला जपून. घाटात न्यायची तर मला विचारून नेऊ नका."

"बुधवारी नाशिकचा माल हाय," अनंता म्हणाला, कुणाकडेही न बघता.

"मी काय बोललो ते बोललो, दादा," लडकू म्हणाला आणि अवजारं गोळा करायला लागला.

तो गेल्यावर अनंता अंघोळीला गेला. गोदूने त्याचे कपडे वेगळ्या बादलीत टाकले. भिजवण्याआधी ती नेहमी खिसे बघायची. शर्टाच्या खिशात तो दात होता, चिंधीत गुंडाळलेला. तिने तो तळहातावर घेतला. एवढासा, पण जड. एका बाजूने तुटून धारदार झालेला. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मधेच डावा हात वर नेताना तो कण्हायचा तेही ऐकू येत होतं. रोजच यायचं. इतके दिवस ती ते म्हातारपण समजत होती.

तिने दात बादलीच्या कडेला ठेवला, हात पुसले, फोन घेऊन मागच्या दारी गेली. ट्रान्सपोर्टवाल्या पंढरीशेठशी थोडंसं बोलून परत आली आणि डाळीला फोडणी दिली.

अनंता पानावर बसला. पूर्वाने भात वाढला. त्याने डावा हात मांडीवर ठेवून दिला होता.

"नाशिकचा माल आपण सोडला," गोदू डाळ वाढत म्हणाली. "पंढरीशेठला सांगितलंय मी. गाडी आता सपाटीला, कशेळी ते पडघा, तेवढीच चालेल. त्यात जे येईल त्यात भागवायचं."