धुरी दिली सोप्यात, पिसवा गेल्या गडहिंग्लजला

माझ्या थोरल्या लेकीची सोयरीक पिसवांमुळं मोडली नाही, यात माझा काडीचाही हात नाही. मोडायला लागतं तेवढं सगळं मी केलं होतं!

घरात नुकता फोन आला होता, तेव्हाची गोष्ट. रविवारी गडहिंग्लजचं पावणं सुनंदाची सुपारी फोडायला यायचं होतं. आणि शुक्रवारी सकाळी सुनंदा पोटरी खाजवत आली. तांबड्या टिपक्यांची रांगच रांग!

"आई, पिसवा झाल्यात."

"हळू बोल की! गल्ली ऐकंल."

(पिसवा आल्या कुठून, हे मला ठाऊक होतं. मी चोरून दूध घालत होते ती मांजरी चार दिवस सोप्यातल्या जाजमावर लोळत होती. पण हे सांगायची सोय नव्हती.) सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "पावणं सुपारी फोडतील का अंग खाजवतील गं?"

बाजारची पावडर आणावी, तर दुकानदार आमच्याच भावकीतला. संध्याकाळपर्यंत बातमी गडहिंग्लजला! म्हणून घरगुती उपाय. जाजमाखाली कडुलिंबाचा पाला अंथरला. शनिवारी पाला वाळला आणि पिसवा त्यावर आट्यापाट्या खेळू लागल्या. मग ह्यांच्या तंबाखूच्या तीन पुड्या उकळून ते पाणी कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडलं. पिसवांना काही झालं नाही. हे मात्र तंबाखूवाचून दिवसभर पिसाळल्यासारखे फिरत होते.

"माझी तंबाखू पिसवांस्नी घातलीस?"

"लेकीच्या सुखासाठी एवढंबी न्हाय सोसवत?"

एका गोष्टीला मात्र मी हात लावू दिला नाही. गोधड्या-वाकळांची पेटी! विहिणीला द्यायला दोन महिने खपून शिवलेली नवी वाकळ त्यात होती. तिला तंबाखूचा वास लागला असता तर? पेटी मी माजघरात नेऊन ठेवली. झाकण जरा उघडंच, हवा लागावी म्हणून. इतकी माझी हुशारी!

रविवारी सकाळी आत्याबाईंच्या पांढऱ्या पदरावरून एक पिसू टुणकन उडाली आणि माझा धीर सुटला. वर्षाच्या चटणीची मिरची घरात आलीच होती. घमेल्यात निखारे घेतले, वर पाला, वर मिरची. दारं-खिडक्या बंद!

"अगं, दृष्ट काढायला सात मिरच्या लागत्यात!" आत्याबाई ओरडल्या. "तू पाटी उपडी केलीस की!"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मलाही नाही. सुनंदा इरकली साडीत शिंकत होती, हे भिंत चाचपत दार शोधत होते. आणि त्यांना दार सापडलं, ते उघडलं, तर उंबऱ्यात पावणं! आधीची एस.टी. मिळाली म्हणे.

धुराचा लोट आधी बाहेर गेला, मागून आम्ही चौघं. डोळ्यांतनं धारा, नाकातनं धारा. संपलं, म्हटलं मी. झाली सोयरीक!

नवऱ्या मुलाची आई आमच्याकडं बघतच राहिली. "अगं बया, रडायलाय व्हय? अजून तर सुपारीबी फुटली न्हाय!"

मी खोकत होते. आत्याबाईंनी मात्र पदरानं डोळे टिपले. "काय सांगू पावणं! लेक जाणार म्हणून सकाळधरनं ही अशीच रडायलीया. लई माया हाय आमच्यात!"

"आणि ह्यो धूर?"

"हिनं रडता रडता मिरची करपवली."

बाई विरघळल्या. "अशाच घरातली सून पायजे!" म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांच्याही नाकात धूर गेला. सुपारी अंगणातच फुटली, दोन्हीकडची माणसं ढसाढसा रडत असताना. जाताना मी पेटीतली वाकळ काढली, हळदकुंकू लावून विहीणबाईंच्या हातात दिली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकही पिसू दिसली नाही. मिरचीचा गुण म्हणून मी गल्लीभर मिरवले!

आठव्या दिवशी गडहिंग्लजहून फोन. "इनबाई, वाकळ लई ऊबदार हाय. खरं घरात पिसवा झाल्यात ओ, झोप म्हणून न्हाय. तुमच्यात काय करता?"

धूर चुकवून त्या कुठं जाऊन बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"पिसवा?" मी ठासून म्हणाले, "आमच्यात एकबी न्हाय बाई!"

आणि देवाशप्पथ, ते खरं होतं. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या मीच घडी घालून दिल्या होत्या. वर हळदकुंकू लावून!