अप्रगत

"तांड्याचं डोकं ते, मॅडम. कोयता धरला की सगळं येते त्यायले."

साहेब हे जमुनाच्या तोंडावर बोलले. तिसरीतली पोर. हातात चाचणीचा कागद, नजर पायाच्या अंगठ्यावर. माझं डोकं भणाणलं.

शिक्षण खात्याचे हे साहेब घाटंजीहून चाचणी घ्यायला आले होते. एकेकाला खुर्चीपुढे उभं करायचं, वाचायला लावायचं, वजाबाकी विचारायची, शेरा मारायचा. जमुनानं तोंडच उघडलं नाही. आम्हा बंजाऱ्यांच्या तांड्यात परक्या मोठ्या माणसापुढे पोरीनं आपणहून बोलायचं नसतं. आपलं कोणी "सांग" म्हणालं, की मग बोलायचं. ती माझ्याकडे बघत होती. मी "सांग, बेटा" म्हणणार, तेवढ्यात साहेब खेकसले.

"तुम्ही मधात बोलू नका. चाचणी हाये."

शेरा पडला. अप्रगत.

मी म्हणाले, "साहेब, तासभर मागं बसा. नुसतं बघा. ही चिंचोके मांडून लहान पोरांना वजाबाकी शिकवते. मी रोज पाहते."

"पाहून का मार्क देता येते?"

"मीही तांड्यातलीच आहे, साहेब."

ते हसले. "तुम्ही अपवाद हो."

अपवाद! चौथीत मीही अशीच मुकी उभी होते. मला दगड म्हटलं होतं. याडीनं, माझ्या आईनं, हट्ट धरला नसता तर मीही आज उसाच्या फडात असते. त्या कागदावर मी सही केली नाही. नोकरीत पहिल्यांदाच नाही म्हणाले.

कागद सहीविनाच पुढे गेला. जमुनाच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, शिकत असेल तर तांड्यात आजीजवळ ठेवतो, नाहीतर ऊसतोडीला नेतो. मी त्याच्या हातापाया पडले.

तो म्हणाला, "सरकारचा माणूस म्हणते तं खरंच असन ना, बाई. मले का समजते?"

दिवाळीनंतर टोळीच्या ट्रकमध्ये जमुना गेली. जाताना रडलीसुद्धा नाही. मी मात्र रिकाम्या वर्गात बसून ढसाढसा रडले. नंतर रडणं संपलं, राग उरला. तो अजून आहे.

यंदा पुन्हा चाचणी आहे. साहेब तेच. मी लेखी कळवलंय, आधी मागं बसून वर्ग पाहा, पोरांशी बोला, मग प्रश्न विचारा. त्यांनी फोनवर नोटिशीची धमकी दिली. काढा म्हटलं. न पाहता माझ्या पोरांना कोणी अप्रगत म्हणायला आलं, तर त्याला मी वर्गात पाऊल ठेवू देणार नाही.