काचेवर वाजणारं बोट

उमरग्याच्या औषध दुकानातले ते गृहस्थ गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतात, मग चिठ्ठी बघतात. वजन उतरवायचं इंजेक्शन मी त्यांच्याकडूनच घेतो. पोट कमी झालं तशी हृदयाचे ठोके एका लयीत ठेवणारी गोळी मी परस्पर बंद केली.

परवा इंजेक्शन काढून ठेवल्यावर माझं मनगट धरून ते दुसऱ्या हाताचं बोट नाडीबरोबर काउंटरच्या काचेवर वाजवू लागले. बोट मधेच अडखळलं.

“सर, गोळी न्यायला लई दिवसांत आला न्हाईत.”

“दुसरीकडून घेतो.”

“व्हय? चला, हेच डॉक्टरांना सांगा.”

इंजेक्शन फ्रिजमध्ये परत ठेवून त्यांनी भर गर्दीत शटर ओढलं आणि स्कूटर काढली. मी मागं बसलो. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच खरं बोलू शकलो. त्यांनी नुसतं “हं” केलं आणि खड्डे चुकवत स्कूटर सावकाश घेतली.