भिवराकाकूनं राखलेले सिगार

आष्टीच्या रस्त्याला माझं कोल्ड्रिंकचं दुकान हाय. दिवसभर नाही नाही ती माणसं येत्यात, पर भिवराकाकूसारखं माणूस म्या बघितलं न्हाई. तिनं आन् गहिनीनाथकाकानं उभा जन्म ऊस तोडला. त्यांचा अभिमन्यू जन्मला तोच कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. काकू उसात गेली का टोळीतलं जे कुणी रिकामं असंल ते लेकराला घ्यायचं. आज तोच अभिमन्यू मालाच्या जहाजावर साहेब हाय. सांगताना माझीच छाती फुगती, काकूचं तर इचारूच नका.

मागं सुट्टीला आलता तवा त्यानं एक लाकडी पेटी आणली. त्याच्या म्हाताऱ्या कप्तानानं नोकरी सोडताना दिलती. आत अंगठ्याएवढे जाड सिगार. म्हणला, "आई, मी कप्तान झालो का हे आपल्या टोळीला वाटायचे. तवर तू सांभाळ."

आता सांभाळायचं काकूला कुणी शिकवायचं? तिच्या ज्वारीला कधी सोंडा किडा लागला न्हाई. पेटी तिनं ज्वारीच्या कोठीत लिंबाच्या पाल्यात ठिवली. आमचे पुढारी आप्पाराव एकदा पाव्हण्यासाठी एक मागाय आलते. काकू म्हणली, "मालक, ते टोळीचे हाईत." आप्पारावांना तोंडावर न्हाई म्हणणारी गावात ती एकटीच.

उन्हाळ्यात तिनं पेटी उघडली, तर हरभऱ्याला पडत्यात तसली बारीक भोकं सिगारला. डाळीला करती तेच तिनं केलं. सगळे सिगार गच्चीवर धोतरावर पसरले, चैताच्या कडक उन्हात. दुपारी हात लावला तर वरचं पान पापडावानी फुटाय लागलं. काकूनं घाईनं समदे सावलीत घेतले. रडली बी. फोनवर लेकाला म्हणली, "बाबा, तू एवढ्या भरवशानं दिलं आन् म्या माझ्या हातानं वाटूळं केलं. टोळीला आता काय देऊ?"

अभिमन्यू म्हणला, "आई, याला ऊन चालत न्हाई. पिशवीत घट्ट बांधून राधाकिशनदादाच्या फ्रीझरात ठिव, किडा मरतो. मग चांगल्या झाकणाच्या डब्यात भर, संगं वाटीत वलं फडकं. पर फडकं सिगारला लागू देऊ नको, बुरशी येती."

राधाकिशनदादा म्हणजे मीच. ऐन लगीनसराईत माझी कुल्फी बाहेर काढून काकूनं तिचं गाठोडं आत ठिवलं. म्या लई तणतणलो. "काकू, मी काय तंबाखूचं गोदाम काढलंय व्हय?"

"गप बैस," म्हणली आन् स्टूल वढून फ्रीझरापशीच बसली. गिऱ्हाईकाला बाटली द्यायची तर फ्रीझराचं झाकण तिला इचारून उघडायचं. लाईट गेली का वर गोधडी टाकायची. दुकान माझं का तिचं, तेच कळंना.

पोखरलेले, फुटलेले तिनं टाकून दिले. बाकीचे निवडले तर टोळीत जेवढे कोयते तेवढेच भरले, एक बी वरचा न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही आमच्याकडची मोजदाद. मुकादम तसंच मोजतो आन् आम्ही बी. काकूच्या जिवात जीव आला. तवापासून वाटीतलं फडकं सुकलं का ती आपल्या हातानं भिजवायची, सुनेला बी हात लावू द्यायची न्हाई.

यंदा अभिमन्यू कप्तान झाला. घरापुढं मांडव पडला, सगळी टोळी जमली. गडी पुढं सतरंजीवर, बायका मागं भिताडाला टेकून. काकूनं डबा उघडला. सिगार कसे मऊ, वास अजून तसाच. अभिमन्यूनं पहिला उचलला आन् आईपुढं धरला.

"मला कावून? तुझ्या बापाला दे. आपल्या कोयत्याचा एकच हाय."

"आई, फडात मला सांभाळलं ते निस्त्या गड्यांनी व्हय? झोळी कुणी हालवायचं? भुकेला रडलो तर पदराखाली कुणी घ्यायचं?"

काकूनं डब्यात बघितलं, मग भिताडाकडं बघितलं. आत गेली आन् कोयता घेऊन आली. एकेक सिगार पाटावर ठिवून तिनं बरोबर मधून तोडला. गड्याला अर्धा, त्याच्या बाईला अर्धा, आपल्या हातानं दिला. गहिनीनाथकाकाला दिला. राहिलेला अर्धा समद्यांच्या देखत आपल्या ओठात धरला आन् माझ्याकडं बघून म्हणली, "राधाकिशन, काडी लाव."

म्या वाकून लावली.