आमचं जनावर

चौथीच्या वर्गाला मी पाच वर्षं अन्नसाखळी शिकवते आहे, आणि गेल्या मार्चमध्ये ती मी स्वतःच्याच घरात तोडून दाखवली.

माझं माहेर पुण्याचं, तेही तिसऱ्या मजल्यावरचं. सासर कर्जतजवळ कळंबला, आणि लग्नानंतर माझी शाळाही तिथलीच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई सव्वा महिना लोधिवलीला निघाल्या. निघताना त्यांनी मला माजघरातल्या कणगीपाशी नेलं. शेणानं सारवलेल्या त्या बांबूच्या कणगीत त्यांच्या लाल भाताचं बियाणं होतं. त्यांच्या सासूनं त्यांना दिलेलं. आता ते गावात दुसऱ्या कुणाकडेच नाही.

"या बियाण्यात जीव हाय माझा," त्या म्हणाल्या. "आन् हितं आपलं जनावर असतं. त्याला हुसकावू नको. ते हाय म्हणून उंदीर नाय."

आता आमच्याकडे जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस. सासरची गुरं तर कधीच विकलेली. उंदरांना जरब बसेल असं घरात एकच, ती म्हणजे मनी मांजर. मग सरळ "मांजर" म्हणायला काय झालं होतं? पण सासूबाईंना कोण शिकवणार! (त्यापेक्षा चौथी सोपी.) मी मान डोलावली.

त्या दिवसापासून मनीला दोन वेळ सुकट-भात सुरू केला. सासूबाईंचा रोज फोन.

"जनावर दिसतं का गं?"

"दिसतं की! दिवसभर माझ्या पायात घोटाळतं."

पलीकडून हळूच, "पायात?"

"हो! काल तर मांडीवर झोपलं."

"मांडीवर!" सासूबाई उद्गारल्या. "भाग्याची हायस गं बाय! मला तीस वर्षांत एवढं जवळ येऊ दिलं नाय."

एका मांजराचं एवढं कौतुक? पण सासू खूश आहे म्हटल्यावर सून कशाला खोलात शिरते!

आठव्या दिवशी कणगीमागचा पेंढा सरकला. पेंढा आपोआप सरकत नाही, एवढं मला पुण्यातही माहीत होतं. तो त्याच रंगाचा सहा फुटी साप होता! मी किंचाळत अंगणात. शेजाऱ्यांनी फोन करून सर्पमित्राला बोलावलं. त्यानं डोकावून पाहिलं.

"धामण आहे, बाई. बिनविषारी. राहू द्या. साप शेतकऱ्याचा मित्र."

हे वाक्य मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारून!

"मित्र असला म्हणून काय घरात ठेवून घेऊ? न्या आधी!"

त्यानं तिला पिशवीत घातलं आणि लांब डोंगरापाशी रानात सोडून दिलं. संध्याकाळी नवरा रसायनीहून ड्यूटी संपवून आला. ऐकलं आणि आधी कणगीमागे डोकावून आला.

"आईला फोनवर यातलं अक्षर बोलू नकोस."

आई घाबरेल म्हणून केवढी ही काळजी! मला तर भरून आलं.

चार दिवसांत उंदरांपर्यंत बातमी पोचली. आधी एक आला, मग जोडी, मग अख्खं वऱ्हाड. कणगीच्या तळाला भोक पडलं. मी बुजवलं, त्यांनी शेजारी दुसरं पाडलं. पिंजरा लावला, तर आतलं खोबरं खाऊन उंदीर पसार. शेवटी मनीला उचलून कणगीपाशी बसवलं. समोरून उंदीर गेला. मनीनं त्याला नीट पाहिलं, जांभई दिली आणि माझ्याकडे वळून सुकट मागितली. परिस्थितीशी जुळवून घेण्याला पुस्तकात अनुकूलन म्हणतात. मनीला ते पंधरा दिवसांत जमलं होतं.

सासूबाई परतल्या. चपला काढायच्या आत विचारलं, "जनावर कुठं हाय?"

मी मनीला दोन्ही हातांनी उचलून पुढे केलं. (एका हातानं ती आता उचलत नव्हती.)

"ह्ये काय?"

"जनावर."

"अगं, ही मांजर! जनावर म्हंजे लांबडं जनावर! धामण गं माझी! घरात सापाचं नाव नाय घेत आमी!"

पंप बघून येतो म्हणत नवरा विहिरीकडे सटकला.

सासूबाईंनी कणगीत हात घातला. मुठीत आलं ते निव्वळ फोल. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तिथंच बसून एकेक दाणा निवडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही शेजारी बसले. दोघींनी मिळून सूपभर धड दाणे काढले.

"एका खाचरापुरतं हाय," त्या अखेर म्हणाल्या. "पुढल्या साली वाढवू. पर साळंत पोरांना शिकवतेस तरी काय गं तू?"

हाच प्रश्न त्यांनी शेजारणीलाही विचारला. मग शेजारणीनं तिच्या शेजारणीला.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकी अन्नसाखळीचीच उजळणी. मी फळ्यावर ओळीनं लिहिलं, भात, उंदीर, धामण.

"आता सांगा, धामणीच्या पुढे कोण?"

मला मोर किंवा मुंगूस चाललं असतं. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, तुमी!"

हे उत्तर पुस्तकात नव्हतं. पण चूक तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.