मास्तरांचा गुंता

गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बॉबिनवर सूत भरणाऱ्या सगळ्या जणी तिला गुंताबाई म्हणत. कोणाच्या बॉबिनवर सुताचा केसाळ गोळा झाला की तो तिच्याकडे यायचा. ती आधी त्याच्याकडे नुसती बघत बसे. घाई केलेलीचा गुंता वेगळा, डुलकी लागलेलीचा वेगळा, आणि मुकादमाशी गप्पा मारणारीचा आणखी वेगळा, असं ती म्हणे. मग ज्या बाईची बॉबिन असे ती हसता हसता चोरून इकडेतिकडे बघे.

तिचा नवरा पाणीपुरवठा कचेरीत कारकून होता. गावाबाहेरच्या तलावावर हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्यांचा एक क्लब होता. तिथे साहेबांची ऊठबस, म्हणून हाही जायला लागला. साहेबांच्या गळाच्या काठीला होतं तसलंच रीळ त्याने आणलं. साध्या रिळातून दोरा नुसता सुटत जातो. या रिळात दोऱ्याची फिरकीच गरगर फिरते, आणि तिच्यावर अंगठा हलकेच टेकवून ती आवरावी लागते. जड वजन बांधलं तर कोणीही फेकेल. पण क्लबात सगळी ऐट होती ती पाच ग्रॅमच्या खोट्या माशाची: करंगळीएवढं लाकूड, त्याला रंगवलेले डोळे, पोटाखाली गळ. एवढ्याशा जिवाला फिरकी ओढायची ताकद कुठली? तो हवेत रेंगाळतो, फिरकी आपली पुढे धावते, आणि सुटलेला दोरा जागच्या जागी उसळून त्याचं घरटं होतं.

पहिल्याच रविवारी तो असं घरटं घेऊन घरी आला. रीळ तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि हात धुवायला निघून गेला. सोडव म्हणालाही नाही. तिने क्रोशाची सुई घेतली, थोडा वेळ बघत बसली, आणि भाजी शिजेपर्यंत दोरा मोकळा केला.

"तुमचा अंगठा उशिरा पडतो," ती म्हणाली. "आणि दोरा फार भरलाय. निम्मा काढून टाका. फिरकी हलकी झाली की हलका मासाही तिला फिरवेल. आमच्याकडे भरलेली बॉबिन अशीच आवरत नाही."

"गिरणीतलं डोकं गिरणीत ठेव," तो म्हणाला.

पण पुढच्या रविवारी फिरकीवर निम्माच दोरा होता. वर्षभरात क्लबात 'अर्धी फिरकी' हा शब्द रूढ झाला. नवे लोक ती युक्ती शिकायला त्याच्याकडे यायला लागले, आणि कचेरीत ज्याला कोणी चहाही विचारत नसे तो तलावावर मास्तर झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. नवऱ्याचं नाव झालं म्हणजे घराचंच झालं, अशी तिने मनाची समजूत घातली. तिला हवी होती ती वेगळीच गोष्ट. तिला एकदा तलावावर उभं राहून त्या रिळाने मासा फेकायचा होता.

त्याला कारण झाली एक संध्याकाळ. नवरा घरातल्या बोळात सराव करत होता. खोट्या माशाचे गळ पकडीने काढलेले, आणि बोळाच्या टोकाला फरशीवर चहाचा मग. ती गिरणीतून आली तर वाट अडलेली. मासा कधी भिंतीवर, कधी चपलांत. कंटाळून तो म्हणाला, "तू फेक बरं, म्हणजे कळेल किती सोपंय ते." तिने पिशवी खाली ठेवली आणि फिरकीवर अंगठा टेकवला. अठरा-एकोणीस वर्षं धावतं सूत त्या अंगठ्याखालून गेलं होतं. कुठे ढील आहे आणि कुठे ताण, हे त्याला तिच्याही आधी कळायचं. मासा फरशीलगत तरंगत गेला आणि मगात टणकन पडला. तिने पुन्हा फेकला. पुन्हा टण. तिसऱ्यांदा तर ती फेकतानाच हसत होती.

नवऱ्याने तो चहाचा मग उचलला, टवका उडालाय का ते बघितलं, आणि जेवायला उशीर होतोय म्हणाला.

"मला न्या ना एकदा तलावावर," तिने जेवताना विचारलं.

"बायकांना आत घेत नाहीत. क्लबाचा नियम आहे."

नियम म्हटल्यावर तिने विषय सोडला. भोंग्याच्या नियमावर जिचा दिवस उगवतो आणि मावळतो, ती नियमाशी काय भांडणार? तरी वर्षा-दोन वर्षांनी ती विषय काढी. तो म्हणे, कमिटीत मांडतो. मग म्हणे, माणसं जुन्या वळणाची आहेत. शेवटी म्हणाला, तू रिटायर हो, तोवर नियमही बदलेल. हे वाक्य तिने पदरात बांधून ठेवलं.

रविवारमागून रविवार गेले. तो सकाळी जाई आणि दुपारी गुंता घेऊन येई. गुंत्यावरून तिला त्याचा सगळा दिवस कळे. दोरा वरवर पिंजलेला असला तर वारा समोरून होता. खोल रुतलेला असला तर हे कोणापुढे तरी मिरवत होते. तलाव तिने कधी पाहिला नव्हता, पण त्यावरचं हवामान तिला पाठ होतं. पुढेपुढे तिचा उजवा अंगठा बुडाशी सुजायला लागला. गिरणीचे डॉक्टर म्हणाले, जन्मभर गाठी मारल्यात, आणखी काय होणार? सकाळी ब्लाउजची बटणं लागेनात. अंगठ्याच्या टोकाची जाण गेली. तिने क्रोशाची सुई डाव्या हातात घेतली. रीळ मोकळं व्हायला वेळ लागतो, एवढं नवऱ्याच्या लक्षात आलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी तिने डबा भरायला घेतला आणि सांगितलं, "उद्या मी येतेय. आत नाही घेतलं तर फाटकाबाहेर बसेन."

तो वारा असेल म्हणाला. मग ऊन असेल म्हणाला.

फाटकावर तिला कोणी अडवलं नाही. क्लबाचा सेक्रेटरी, एक अवाढव्य, हसतमुख माणूस, हात जोडत पुढे आला. "वहिनी, अखेर दर्शन दिलंत! मास्तरांना दरवर्षी म्हणतो, घेऊन या. ते म्हणतात, तिला पाण्याची भीती वाटते, माशांच्या वासाने मळमळतं." धक्क्यावर एक पांढऱ्या केसांची बाई सराईतपणे मासा फेकत होती. "ती आमची मंडळी. इथे नवराबायकोची नावं एकाच कार्डावर असतात. क्लब निघाला तेव्हापासून." त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. "तुमची जागा अजून रिकामीच आहे बघा."

नवऱ्याच्या नावापुढची ती कोरी ओळ तिने पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो दोऱ्याला मासा बांधत होता. हजारदा मारलेली गाठ त्याला आज सापडत नव्हती.

"मळमळतं?" ती हळूच म्हणाली.

"घरी बोलू."

"रीळ द्या."

अर्धी फिरकी शिकायला आलेले चारपाच जण आजूबाजूला उभे होते. सेक्रेटरीच्या बायकोने सरकून जागा दिली. तिने फिरकीवर अंगठा टेकवला आणि ती बोळातली जाणीव येईल म्हणून थांबली. ती आली नाही. अंगठा लाकडाचा झाला होता. तिने फेकला. अंगठा खाली येईतो फिरकी केव्हाच धावून गेली होती. मासा काठीच्या टोकापासून दहा फुटांवर बुडाला, आणि रिळात घरटं उसळलं. तिने ते लगेच ओळखलं. हा नवऱ्याचा गुंता होता, पहिल्या रविवारचा.

कोणी हसलं नाही. सेक्रेटरीची बायको तर म्हणाली, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं हो. आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून गेलेला रंग परत आला. तो नव्या लोकांकडे वळला.

"बघितलंत? अंगठा उशिरा पडला. हाताला सवय लागते. शिकवीन मी हिला हळूहळू."

त्याने तिच्या हातातली काठी घेतली, दोरा हाताने ओढून मासा जवळ घेतला, आणि रीळ काढून, बोलता बोलता, न बघताच तिच्यापुढे धरलं. इतक्या वर्षांची सवय. तिचाही हात पिशवीत गेला, सुईला लागला, आणि रिकामाच बाहेर आला.

"तुम्हीच सोडवा," ती म्हणाली. "मला वासाने मळमळतंय."

त्याने एक फास ओढला. तो आवळला. त्याने दुसरा ओढला. मास्तर कसं करतात ते बघायला एक जण वाकून जवळ आला. डावीकडून तिसरा फास, जाड वळणाखालचा, नुसता उचलला असता तर सगळं सुटत आलं असतं. तिला तो स्पष्ट दिसत होता. ती वळून क्लबाच्या शेडकडे चालू लागली.

बाकावर टेकते तोच मागून कात्रीचा आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा. दोरा चांगला होता. दहा मिनिटांचं काम होतं.