ताण दिलेली बाग

पर्यावरणाचा कायदा नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. सौंसरजवळच्या मिलिटरीच्या एका डेपोत मी ओव्हरसियर होतो. त्या साली पर्यावरणाच्या नावाने पहिल्यांदाच निधी आला आणि आधी काय करायचं, यावर सगळ्यांचंच डोकं चक्रावलं. एक साहेब म्हणे, गेटपासून झाडं लावा. दुसरे म्हणे, धुराडं उंच करा. माझं म्हणणं एकच होतं: ट्रक धुतलेलं तेलकट पाणी नाल्यात जातं, ते अडवायला टाकी बांधा. नाल्याच्या खालच्या अंगाला, रामाकोन्याकडे, माझ्या मामाची संत्र्याची बाग होती आणि त्याच्या विहिरीवर तेलाचा तवंग धरू लागला होता. यात माझा स्वार्थ होता. तो मी लपवला नाही.

"नुकसान दाखव," निधी ज्यांच्या हातात होता ते मोठे साहेब म्हणाले. मे महिन्याच्या उन्हात मी त्यांना बागेत नेलं. पानं गळालेली, फांद्या उघड्या. मला वाटलं, आता बोलायची गरजच नाही. साहेबांनी मामाला विचारलं, "ये पेड़ बीमार हैं क्या?"

मामाला ते झोंबलं. आपल्या बागेला कुणी आजारी म्हटलेलं तो ऐकून घेणार होता थोडाच!

"बीमार कायचे जी साहेब? मृगाच्या बहारासाठी ताण देऊन राहिलो. पाणी मीच तोडलं."

आमच्याकडे सगळेच असं करतात. उन्हाळ्यात झाड तहानेलं ठेवलं की पावसावर फुलतं. मी विहिरीचं काढलं, तर मामाच म्हणाला, "हाव, थोडा वास येते, पण चालते." साहेब खूश झाले. मामावर चिडावं की साहेबांवर, मला कळेना. पानं तेलाने गळाली की ताणाने, हेही मला धड सांगता येईना.

निधी गेटवरच्या झाडांना गेला.

आषाढात आजूबाजूच्या बागा फुलांनी पांढऱ्या झाल्या. मामाच्याही अर्ध्या बागेला बहर आला. नाल्याकाठच्या ओळी मात्र काटक्यांसारख्या उभ्या होत्या. मामा एकेक फांदी मोडून बघत होता. आत कुठेच हिरवं नव्हतं.

"भाचेबुवा, पुढच्या साली तरी टाकीचा नंबर लागन काय?"

मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "तक्रार कर मामा," मी म्हणालो. "तुझी तक्रार असली तरच लागेल."

"कोन्या तोंडानं करू? बाग बरी हाय म्हणून मीच तं सांगतलं ना साहेबाले."